घोड्यांचा ग्लँडर्स आणि आपला कायदा

वरातीचा घोडा, माथेरानचा घोडा, वीटभट्टीवरचं गाढव, या सगळ्यांना होणारा एक जीवघेणा रोग म्हणजे ग्लँडर्स. नाकातून घट्ट पिवळसर स्राव येतो, नाकाच्या आत व्रण पडतात, पायांवर गाठी येऊन फुटतात. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. म्हणूनच इथे कायद्याला महत्त्व आहे.

इंग्रजांनी 1899 सालीच यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. आता 2009 चा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू आहे. जनावरात अशा रोगाचा संशय आला की मालकानं ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळवायचं आणि जनावर ताबडतोब वेगळं बांधायचं, हे बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीसाठी पाठवता येतो. रोग पक्का ठरला, तर त्या जनावराला वेदनारहित मरण दिलं जातं. नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, की तिथल्या घोड्यांची ने-आण आणि बाजार थांबवता येतात.

घोड्यावरच ज्याचं पोट आहे, त्याला हे ऐकूनच धडकी भरते. म्हणून अनेकजण आजार लपवतात. मला वाटतं, भरपाई वेळेवर हातात पडली तरच मालक स्वतःहून पुढे येतील. शासनानं तिची तरतूद केलेली आहे, तेव्हा पंचनाम्याच्या वेळीच पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे तिची चौकशी करा. आणि आजारी घोड्याची बादली, खरारा, लगाम दुसऱ्या घोड्याला अजिबात वापरू नका.