सेफ्टी टाकी



आपल्या बीड जिल्ह्यात गवंड्याला विचारा, हार्डवेअरच्या दुकानात विचारा, घरामागच्या संडासच्या टाकीला सगळे 'सेफ्टी टाकी' म्हणतात. मूळ शब्द सेप्टिक, म्हणजे कुजण्याशी नातं सांगणारा. बोलता बोलता त्याचं सेफ्टी झालं आणि शब्दाबरोबर समजूतही रुजली, की टाकी बांधली म्हणजे काळजी मिटली. आज त्या समजुतीविषयीच बोलणार आहे.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात. वडिलांनी संडास बांधला तेव्हा दहा फूट खोल टाकी खणली. खाली काळा पाषाण लागला, त्याला भेगा होत्या. गवंडी म्हणाला, "तळाला कोबा करू नका, पाणी जिरत राहील. टाकी जन्मात भरायची नाही." आणि खरंच भरली नाही. घरात त्या टाकीचं कौतुक होतं. मग एका पावसाळ्यात शेजारच्या आडाचं पाणी वास मारायला लागलं, गल्लीतली लेकरं जुलाबानं हैराण झाली. इतकी वर्षं आमचा मैला जात कुठं होता, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा आम्हाला पडला.

माती पाणी गाळते, खडकातली भेग गाळत नाही. मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून जे पाणी फिरतं, तेच आपल्या आडात, बोअरमध्ये आणि हापशाला येतं. म्हणून कधीच न भरणारी टाकी ही अभिमानाची गोष्ट नाही. ती भरत नसेल तर कुठंतरी गळते आहे.

गोदाकाठी, गेवराई-माजलगावकडं गेलात की उलटी अडचण. तिथं काळी माती. पावसात ती फुगते आणि पाणी पीत नाही. टाकी तुंबते, मग घरमालक एक पाइप काढून नालीत सोडतो. ते पाणी दिसायला बरंच निवळ असतं, पण टाकीत फक्त गाळ खाली बसलेला असतो, रोगजंतू पाण्याबरोबर बाहेर पडतात. नालीतून ओढ्याला, ओढ्यातून नदीला. बीड शहरातली बिंदुसरा पाहिली की हा प्रवास समजायला नकाशा लागत नाही.

मग गटारयोजना आणा, असं कुणी म्हणेल. जमिनीखालच्या गटारात मैला वाहून न्यायला बारा महिने भरपूर पाणी लागतं. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं ते माणशी वीस लिटरच्या हिशोबानं. शिवाय ऊसतोडीला गेलेल्यांची घरं पाच-सहा महिने कुलूपबंद. पाणी तोडकं, घरं विखुरलेली, वर गावाला न झेपणारा खर्च. वाडी-तांड्यावर गटार येणार नाही. घरामागचा खड्डा हेच आपलं गटार आहे, तोच नीट करायचा.

नीट म्हणजे एक मोठी टाकी नाही, दोन लहान शोषखड्डे. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण तीन फूट रुंद आणि चार फूट खोल असा एकेक खड्डा पुरतो. विटांचं बांधकाम जाळीदार, तळ मातीचा, दोन्हींत निदान तीन फूट अंतर, आणि वर एक चेंबर, त्यातून एका वेळी एकाच खड्ड्यात मैला जातो. पहिला भरला की तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा. भरलेला खड्डा दीड वर्ष तसाच झाकून ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं खत तयार होतं. काळ्या मातीत खड्ड्याभोवती फूटभर वाळू-खडी भरावी. खडकाळ जागी मुरूम कुठं आहे ते आधी पाहावं, आडापासून जमेल तितकं लांब जावं, खडकात खोल तर मुळीच जाऊ नये. भांडं उताराचं, ग्रामीण पद्धतीचं बसवलं तर दोन लिटर पाण्यात काम होतं. ऊसतोडीच्या घरात तर खड्ड्याला आपोआप विश्रांती मिळते.

स्वच्छ भारत मिशनमध्ये बारा हजार रुपयांचं प्रोत्साहन अनुदान मिळालं, त्यात हे बसत होतं. तरी लोकांनी पदरचे पैसे घालून मोठ्या टाक्या खणल्या. का? चार फुटांचा खड्डा भरला तर उपसणार कोण, ही भीती. त्या भीतीच्या तळाशी जातीचा विटाळ आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत व्हावं म्हणून संडास घडवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकामाची परवानगी मिळावी म्हणून ते अडून बसले, तेव्हा येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास केला होता. दीड वर्ष झाकलेला खड्डा घरधन्यानं स्वतःच्या फावड्यानं उपसावा. त्यात विटाळ कसला?

मोठ्या टाकीत मात्र विषारी वायू साठतो. मे २०२३ मध्ये परळीला लागून असलेल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊच्या तांड्यावर, अशीच टाकी साफ करताना पाच मजूर गेले. हाताने मैला उपसायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे.

शहरात दोन खड्ड्यांना जागा नसते, हे खरं. तिथं वाईचं उदाहरण घ्यावं. नगरपालिका ठरलेल्या पाळीनं घराघरांतल्या टाक्या यंत्रानं उपसते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेते. तुंबल्यावर धावाधाव करायची वेळच येत नाही. अंबाजोगाईच्या, परळीच्या अरुंद गल्ल्यांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

आणि न्हाणीचं पाणी संडासच्या खड्ड्यात सोडू नका. त्याला वेगळा शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यात तो रोजगार हमीतून गावोगाव झाला, डास कमी झाले.

यंदा संडास बांधणार असाल तर गवंड्याला एवढंच सांगा: खड्डा चार फुटांवर थांबव आणि दुसऱ्याची जागा आत्ताच आखून ठेव. जुनी मोठी टाकी असेल तर ती यंत्रानंच उपसून घ्या. तिच्यात माणूस उतरवू नका.