निंबोळी, कापूस आणि आपण



कापड मोजण्यात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाने शेतातील किडींवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या दुकानातील शुभ्र ताग्याचा उगम कापसाच्या शेतात आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात त्याच कापसावर रासायनिक कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. हिंसा दुसऱ्याच्या हातून व्हावी आणि तिचे फळ आपण गल्ल्यावर बसून घ्यावे, ही गोष्ट तेव्हापासून मला स्वस्थ बसू देत नाही.

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी पाहिले, की आसपासची हिरवळ फस्त झाली, कडुनिंब तेवढा हिरवा राहिला. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन या द्रव्यामुळे कीड पानावरून तोंड फिरविते आणि अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवावी, फडक्यातून गाळावी (आपल्या घरातील पाणी गाळण्याचे दुहेरी वस्त्र उत्तम!), २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून द्रावण १०० लिटर करावे व सायंकाळी फवारावे, उन्हात त्याचा गुण उतरतो. मावा, तुडतुडे यांवर प्रारंभीच फवारल्यास तो उपयोगी पडतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत मात्र तो पोहोचत नाही.

कोणी विचारील, कात न टाकता आलेली अळी मरतेच ना? होय, मरते. येथे मी शब्दांचा आडोसा घेणार नाही. शेतीतील हिंसा ही उद्योगी हिंसा. गृहस्थाला ती पूर्णतः टळत नाही, अल्प मात्र करता येते. निंबोळी अर्काने ढालकिडे, कोळी, मधमाश्या यांची हानी रासायनिक विषापेक्षा पुष्कळच कमी होते, आणि फवारणाऱ्याचे प्राण संकटात पडत नाहीत.

शेतकऱ्याची अडचण निराळीच आहे. निंबोळ्या गळतात त्या जून-जुलैत, ऐन पेरणीच्या धांदलीत. त्या वेचायला त्याला सवड कोठली? आपल्या धर्मशाळेच्या आवारातील निंबोळ्या मात्र दरवर्षी झाडून कचऱ्यात जातात. यंदा त्या वेचून, सावलीत वाळवून जवळच्या गावांना द्याव्यात, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. बारदान माझ्या दुकानातून येईल.

जय जिनेंद्र!