नोंदींचं कपाट आता संगणकात आहे



सल्ला केंद्रात येणारी बाई बसायच्या आधीच विचारते, "मी इथं आले हे घरी कळणार नाही ना?" रजिस्टरं होती तेव्हा आपण कपाटाकडे बोट दाखवत होतो. कपाटाला कुलूप आणि किल्ली दोघींकडे. आता नोंदी संगणकावर गेल्यात. मग कुलूप कुठं आहे? "ते संगणकवाल्या मुलाला माहीत," हे उत्तर मला मान्य नाही.

आमच्या केंद्रात आम्ही साध्या संगणकावर झॅम्प हे फुकट मिळणारं पॅकेज बसवलं. त्यात मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर येतो. सर्व्हर म्हणजे मागितलेली नोंद काढून देणारा कारकूनच म्हणा. पण नव्यानं बसवलेला हा कारकून 'रूट' असं नाव सांगणाऱ्या कुणालाही, पासवर्ड न विचारता, सगळं दप्तर उघडून देतो. हे पॅकेज मुळात सरावासाठी केलेलं आहे, म्हणून ते तसं सैल ठेवलंय.

तेव्हा आधी रूटला पासवर्ड. तो दिल्यावर पीएचपीमायअॅडमिनचं पान उघडेनासं होतं. मग काही जण तो पासवर्ड त्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, म्हणजे किल्ली कुलपालाच बांधली! तिथं 'कॉन्फिग' ऐवजी 'कुकी' लिहावं. पान दरवेळी पासवर्ड विचारतं. मग सेटिंगच्या फाइलमध्ये बाइंड-अॅड्रेस 127.0.0.1 करायचा. हा आकडा म्हणजे 'फक्त हाच संगणक'. सर्व्हरचं 3306 क्रमांकाचं दार मग वायफायवरच्या इतरांना बंद. जानेवारी 2017 मध्ये मोंगोडीबी या दुसऱ्या प्रणालीवरचे, इंटरनेटला उघडे आणि बिनपासवर्डचे हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. फोडायला तिथं कुलूपच नव्हतं.

इथवरचं काम एका दुपारचं. वेळ लागला तो कुणी काय पाहायचं, यावर. आमच्यात बरीच वादावादी झाली. "आपण सगळ्या सारख्या, मग आडपडदा कशाला?" असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. अहवाल लिहिणारीला वय, तालुका, तक्रारीचा प्रकार पुरतो. माहेरचा पत्ता तिला कशाला? आता प्रत्येकीचं नाव-पासवर्ड वेगळं. अहवालवालीला पत्त्याचा रकाना दिसतच नाही. नोंद करणारी भर घालते, दुरुस्त करते. पुसण्याचा अधिकार तिला नाही. रोजच्या कामाला रूट कुणीच वापरत नाही.

आणखी एक. संगणक दुरुस्तीला गेला आणि कुणी हार्डडिस्क काढून दुसरीकडे जोडली, तर हे पासवर्ड निरुपयोगी. त्यासाठी अख्खी डिस्कच सांकेतिक करावी लागते. विंडोज प्रोमध्ये त्यासाठी बिटलॉकर आहे. त्याची 48 आकडी रिकव्हरी की आम्ही कागदावर लिहून त्याच जुन्या कपाटात ठेवलीय, किल्ली अजून दोघींकडेच.

राहता राहिली बॅकअपची प्रत. डंप काढला की तो नोटपॅडमध्येही सरळ वाचता येतो, नावागावासकट. म्हणून पेन ड्राइव्हही सांकेतिक केलेला, आणि तो कुणाच्या पर्समधून घरी जात नाही. महिन्यातून एकदा ती प्रत केंद्रातच उघडून, नोंदी नीट येतात ना, एवढं आम्ही पाहतो.