आरमारी गोदीतल्या शेड

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत विटांची एक साधी इमारत आहे. शिडांच्या दोरांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या 19व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे यंत्रांवर तयार होऊ लागल्या. मोठ्या युद्धनौकेला अशा हजारभर कप्प्या लागत. विहिरीवर पाणी शेंदलेल्यांना ठाऊक असतं, की कप्पीचं चाक जरा वाकडं बसलं तरी दोर अडतो. मार्क ब्रुनेलने यंत्रं योजली, हेन्री मॉडस्लेने ती घडवली आणि 110 कसबी कारागिरांचं काम दहा मजूर करू लागले.

लाकडी जहाज बांधायला वर्षं लागत. तोवर पावसाचं पाणी लाकडात मुरे आणि जहाज समुद्रात उतरण्याआधीच कुजू लागे. म्हणून बांधणीच्या जागेवर छपरं आली. चॅटहॅमच्या आरमारी गोदीतलं 1838चं प्रचंड छप्पर लाकडी आहे, नंतरची लोखंडी. खाली जहाज उभं असल्याने मध्ये खांब देण्याची सोय नव्हती.

पण खरी थांबून पाहावी अशी इमारत शीअरनेसच्या आरमारी गोदीतली. गॉडफ्री ग्रीन या अभियंत्याने 1858 ते 1860 या काळात होड्या ठेवण्यासाठी बांधलेलं हे चार मजली गोदाम. मधोमध जमिनीपासून छपरापर्यंत मोकळी जागा, दोन्ही बाजूंना मजले. सरकत्या क्रेनने होडी उचलायची आणि हव्या त्या मजल्यावर नेऊन ठेवायची. बाहेरून पाहावं तर खिडक्यांची लांबच लांब रांग, तिच्याखाली पन्हळी पत्रा, पुन्हा खिडक्या, पुन्हा पत्रा. नक्षी कुठेच नाही. इथे भिंत वजन पेलत नाही. वजन पेलतो तो बिडाच्या खांबांचा आणि लोखंडी तुळयांचा सांगाडा. खांब आणि तुळई यांचे सांधे इतके पक्के, की वाऱ्यात इमारत तिरपी होऊ नये म्हणून तिरके टेकूही द्यावे लागले नाहीत. भिंत वजन पेलत नाही, सांगाडा पेलतो, हे पुन्हा सांगायला हवं, कारण आजच्या उंच इमारती याच तत्त्वावर उभ्या राहतात. अशा उंच इमारतींची सुरुवात मानली जाणारी शिकागोची होम इन्शुरन्स इमारत यानंतर पाव शतकाने, 1885 साली झाली.

तरीही वास्तुकलेच्या अभ्यासकांचं या गोदामाकडे लक्ष गेलं ते जवळजवळ शंभर वर्षांनी. घुमट आणि कमानी दिसल्या तरच इमारतीला वारसा म्हणायचं, ही खोड विद्वानांचीही आणि पर्यटकांचीही. पत्र्याची शेड दिसली की पाय पुढे वळतात. एरिक द मारे याने 1950च्या दशकात जुन्या कारखान्यांची छायाचित्रं काढली, तेव्हा कुठे नजर बदलू लागली. शीअरनेसची आरमारी गोदी 1960 साली बंद झाली, गोदाम मात्र उभं राहिलं. आज त्याला सर्वोच्च श्रेणीचं संरक्षण आहे.

मुंबईकरांना लोखंडी सांगाडा पाहायला इतकं लांब जायला नको. काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, 1860च्या दशकातलं. त्याचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले होते. आणि जवळच्या आरमारी गोदीत 1810 साली पूर्ण झालेली डंकन गोदी आहे. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.