एका तोळ्याची गोळी

तोळा म्हटलं की आपल्याला सराफाची पेढी आठवते, सोन्याचा भाव आठवतो, लग्नसराई आठवते. इंग्रजी अमदानीत १८३३ साली या तोळ्याचं वजन कायद्यानं पक्कं झालं, ते १८० ग्रेन. पुढे १८३५ पासून चाललेला चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. जुनी माणसं ‘रुपयाभार’ म्हणायची, ते यामुळेच. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा.

हे आज सांगायचं कारण मात्र वेगळंच आहे. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या मुलखात एल्कच्या शिकारीला निघालेला माणूस दुकानातून काडतुसांची पेटी घेतो, तेव्हा तिच्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्येच छापलेलं असतं. १९०६ साली निघालेल्या ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या काडतुसात एल्कसाठी पिढ्यान्‌पिढ्या पसंत केलं गेलेलं वजन १८० ग्रेनचं. म्हणजे बरोबर एक तोळा! आपण बोलताना सबंध काडतुसालाच गोळी म्हणतो. मी इथे म्हणतो आहे ती गोळी म्हणजे काडतुसाच्या तोंडाशी बसवलेला, नळीतून सुटून जाणारा तेवढाच तुकडा.

एल्क हा आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. शॉनी या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याला वापिटी म्हणतात, पांढऱ्या पुठ्ठ्याचा. कोलोरॅडो राज्यात या प्राण्याची संख्या अडीच लाखांहून जास्त आहे. तिथे परवाना काढून, ठरल्या मोसमात, ठरल्या संख्येत शिकार चालते आणि मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, आणि ते बरं झालं असं माझं मत आहे. पण जिथे ती कायदेशीर आहे तिथला माणूस गोळी कशी निवडतो, हे ऐकण्यासारखं आहे.

कोलोरॅडोचा नियम सांगतो की एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची हवी, १०० वारांवर तिच्यात अमुक इतका जोर उरलेला हवा, आणि ती ‘पसरणारी’ हवी. पसरणारी म्हणजे शरीरात शिरताच जिचं टोक अळंबीच्या छत्रीसारखं उमलतं ती. न उमलणारी कडक गोळी आरपार निघून जाते, बारीक भोक पाडते आणि जनावर मैलोन्‌मैल पळत राहतं. कुठल्या तरी दरीत दोन दिवसांनी मरतं. ते ना शिकाऱ्याला मिळतं, ना सुखानं जगतं.

आता याची दुसरी बाजू. ही उमलणारी गोळी जगभर ओळखली जाते ती एका हिंदुस्थानी गावाच्या नावानं. कोलकात्याचा विमानतळ जिथे आहे ते दमदम. तिथल्या सरकारी दारूगोळा कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी ती बनवली. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांशी लढताना साध्या गोळीनं माणूस जागच्या जागी थांबत नाही, ही साहेबाची तक्रार होती. मग गोळीच्या टोकाचं कवच काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. या ‘दमदम’ गोळीच्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ साली हेग इथल्या परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला. इंग्लंडनं तो मानला १९०७ साली.

म्हणजे पाहा, माणसावर झाडली तर जी गोळी क्रौर्य ठरते, तीच हरणावर झाडायची तर कायद्यानं सक्तीची. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं. विचार केल्यावर त्यातला तर्क पटला. युद्धात शत्रू जखमी होऊन बाजूला झाला की पुरे, तो पुढे जगला तर कुणाचं बिघडत नाही. शिकारीत अर्धवट जखम हीच सगळ्यात वाईट गोष्ट. तिथे दयेचं माप एकच, किती लवकर संपलं. सुरी बोथट नको, हे आमच्या घरी बकरी ईदला थोरली माणसं बजावतात, ते याच मापानं.

पण उमलणं फार झालं तरीही पंचाईत. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा माणूस कॅनडात मूसच्या शिकारीला गेला होता. त्याच्या गोळ्या त्या धिप्पाड जनावराच्या कातडी-स्नायूंतच फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. परत येऊन त्यानं अशी गोळी बनवली की तांब्याच्या कवचात मधोमध एक आडवी भिंत. पुढच्या खणातलं शिसं उमलतं, मागच्या खणातलं शाबूत राहून आत ढकलत नेतं. पुढे शिसं कवचाला सांधून टाकलेल्या गोळ्या आल्या, मग शिसं अजिबात नसलेल्या, निव्वळ तांब्याच्या आल्या.

खरी परीक्षा लांब पल्ल्यात. ५०० वारांवर उभ्या एल्कचं काळीज आणि फुप्फुसं मिळून लक्ष्य असतं जेवणाच्या ताटाएवढं. आपली तोळाभराची गोळी २०० वारांवर नेम जुळवून सोडली तर ५०० वारांपर्यंत जवळपास सव्वा मीटर खाली येते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं हलवणारी झुळूक, तिला दीड फुटाहून जास्त बाजूला नेते. पोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो, तेवढ्यात एल्कनं एक पाऊल टाकलं की फुप्फुसाऐवजी पोट. शिवाय वेग मंदावलेला असतो आणि ठरावीक वेगाखाली गोळी उमलतच नाही. म्हणून लांब पल्ल्यासाठी निमुळत्या, मागे होडीसारख्या घटत गेलेल्या, वारा कापणाऱ्या आणि कमी वेगातही उमलणाऱ्या गोळ्या बनवतात. दुर्बिणी, अंतर मोजणारी यंत्रं, गणितं करून देणारे मोबाइल, सगळं आलं. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबला मात्र ही चाल पसंत नाही. जनावराला आपली चाहूल लागण्याची शक्यताच उरली नाही तर ती शिकार कसली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. गोळी आवाजाच्या पुढे धावते, त्या प्राण्याला बार ऐकूसुद्धा येत नाही.

माझा एक भाचा डेन्व्हरला नोकरी करतो. त्याच्या कचेरीतला एक सहकारी दर हिवाळ्यात एल्कच्या मांसाचा डबा देतो. भाचेसुनेनं मला फोनवर दोन प्रश्न विचारले. “मामू, हे चालतं का?” हा पहिला. त्याचं उत्तर मी मौलवींकडे सोपवलं. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “यात शिसं असतं म्हणतात, आणि आमची मुलगी तीन वर्षांची आहे.”

तिची शंका खरी होती. शिशाची गोळी वेगानं आपटली की तिचे धुळीएवढे कण जखमेपासून वीतभरच नव्हे, त्याहूनही लांब उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात शिकाऱ्यांनी गरिबांसाठी दान केलेल्या मांसात असे कण सापडले आणि अन्नछत्रांना ते मांस टाकून द्यायला सांगावं लागलं. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण थोडं का होईना जास्त आढळलं. गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुलं यांनी शिशाच्या गोळीनं मारलेल्याचं मांस खाऊ नये, असा सल्ला तिथल्या आरोग्य खात्यानं दिला. मीही सुनेला तेच सांगितलं.

माणसाला सल्ला देता येतो. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडाला कोण देणार? शिकाऱ्यानं मागे टाकलेली आतडी खाऊन शिशाची विषबाधा, हे त्याच्या मरणाचं मोठं कारण. १९८२ साली जगात २२ काँडोर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून पिंजऱ्यात वाढवावा लागला. आज त्यांची संख्या ५०० च्या वर आहे. कॅलिफोर्नियानं २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी घातली. आपल्या गिधाडांची गोष्ट याच जातीची. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकनं ती संपत आली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तिथे गोळी बंदुकीची, इथे दवाखान्याची.

भाच्यानं तो शिशाचा विषय सहकाऱ्यापाशी भीतभीतच काढला. गृहस्थ चिडला नाही. त्यानं तांब्याच्या गोळ्या घेतल्या. त्या महाग, पण फुटत नाहीत. उमलूनही तोळ्यातलं जवळजवळ सगळं वजन शाबूत राहतं. अडचण एकच. तांबं शिशापेक्षा कडक, त्याला उमलायला वेग जास्त लागतो. म्हणून त्यानं आपला पल्ला ३०० वारांवर आणला. गेल्या मोसमात पाच दिवस तो डोंगरात होता. नर दिसला, पण पलीकडच्या उतारावर, साडेचारशे वारांवर. त्यानं बंदूक खाली ठेवली, आणि त्या हिवाळ्यात भाच्याच्या घरी मटण दुकानातलंच शिजलं.