चार पैसे अधिक, पण कशासाठी?



कार्यकर्त्याच्या घरात साधेपणाचे पाठ वेगळे द्यावे लागत नाहीत. घरात वावरतानाच मुले ते शिकतात. स्वच्छ धुतलेला सदरा, नीट घडी घातलेली सतरंजी आणि आलेल्यापुढे गूळ-पाणी, एवढ्या सामग्रीवर ज्यांनी संसार आणि समाजकार्य दोन्ही निभावले, अशी घरे गावोगावी आहेत. अशा घरात थोड्या महाग वस्तूची गोष्ट निघाली, की मनाला अपराध्यासारखे वाटते. दुकानात दोन वस्तू समोर असल्या, की हात सहजच स्वस्त वस्तूकडे जातो आणि त्यालाच साधेपणा म्हटले जाते. परंतु साधी राहणी आणि स्वस्त खरेदी या दोन्ही एकच गोष्टी आहेत काय? मावळ तालुक्याकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर सापडण्यास मदत होते.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही भाताची खोरी. येथला आंबेमोहोर पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. शिजू लागला, की आंब्याच्या मोहोराची आठवण करून देणारा दरवळ घरभर पसरतो. परंतु त्याचे रोप उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उत्पन्न बेताचे येते. शेतकऱ्याला सुवास हवा आणि पदरात पीकही पडावे, या हेतूने वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून नवे वाण सिद्ध झाले. १९८७ साली ते प्रसारित झाले आणि लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणाऱ्या नदीचे नाव त्याला मिळाले. तोच आजचा इंद्रायणी तांदूळ.

हा तांदूळ बाजारातील साध्या तांदळापेक्षा महाग पडतो. समजा, किलोमागे वीस रुपये जास्त द्यावे लागले आणि चौघांच्या घरात महिन्याला दहा किलो तांदूळ लागला, तर वाढीव खर्च दोनशे रुपयांचा. महामार्गावरच्या एका थांब्यावर, खाल्ले काय हे दुसऱ्या दिवशी आठवतही नाही अशा पदार्थांवर, तेच कुटुंब याहून अधिक रक्कम सहज खर्च करते. तेथे कोणी हिशेब मांडत नाही. हिशेब निघतो तो तांदळाच्या पिशवीपाशी!

या दोनशे रुपयांचा संबंध केवळ जिभेच्या चवीशी नाही. पुणे-मुंबई द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि मावळची जमीन दोन्ही महानगरांच्या आणखी जवळ आली. जेथे खाचरे होती, तेथे बंगले, भूखंड आणि विश्रामधामे उभी राहिली. भाताला भाव नाही आणि जमिनीला मात्र भरपूर, अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याला जमीन राखण्याचा उपदेश करणे सोपे आहे. त्याच्या तांदळाची योग्य किंमत मोजणे त्याहून अवघड, पण तेवढेच उपयोगाचे. गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या कुटुंबाला शेती परवडली, तरच ते खाचर उद्या खाचर राहील. एकदा त्यावर बांधकाम झाले, की कितीही पैसे मोजून तेथला तांदूळ मिळणार नाही.

अधिक पैशाच्या या विचाराला मावळात जुनी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना समाजापुढे मांडली. प्रत्येकाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, अशी ती योजना. तेव्हा चौसष्ट पैशांचा एक रुपया होई. म्हणजे चौसष्ट दारी जावे, तेव्हा एक रुपया जमणार. लोकमान्य टिळकांनी या कार्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखे परदेशात काचविद्या शिकून आलेले तज्ज्ञ त्याला लाभले. देणाऱ्याला त्या पैशाच्या बदल्यात कोणतीही वस्तू हाती मिळत नव्हती. मिळत होते ते एवढेच, की बांगडी आणि दिव्याची काच बनवणारे कुशल हात याच देशात तयार होतील. तो पैसा वाया गेला, असे आज कोण म्हणेल?

मात्र स्वदेशीच्या नावावर निकृष्ट माल खपवण्याची मुभा कोणालाही नाही. ग्राहकाने चार पैसे अधिक द्यावेत, तर उत्पादकाने आणि विक्रेत्याने चार आणे अधिक सचोटी दाखवावी. आंबेमोहोराच्या नावाने दुसराच बारीक तांदूळ विकला जातो आणि इंद्रायणीत अन्य तांदूळ मिसळला जातो, तेव्हा घरची गृहिणी फसते आणि मावळचा शेतकरीही नागवला जातो. खोटी वजने वापरणाऱ्याला आणि हलका माल चांगला म्हणून विकणाऱ्याला कौटिल्याने अर्थशास्त्रात दंड सांगितला आहे, तो उगाच नव्हे.

मग अधिक पैसे कोठे द्यावेत आणि कोठे देऊ नयेत? पहिली कसोटी अशी, की पैसा वस्तूत जातो की वेष्टनात? लोणावळ्याची चिक्की घ्या. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तो बांधणाऱ्या मजुरांच्या हाती पडणारी गूळ-शेंगदाण्याची मिठाई हे तिचे मूळ, असे सांगितले जाते. चांगला गूळ, निवडलेले आणि नीट भाजलेले दाणे यांसाठी दोन पैसे जास्त गेले, तर ते सार्थकी लागले. तीच चिक्की केवळ झगमगीत डब्यात घालून दुप्पट किमतीला घेतली, तर पैसा गेला पुठ्ठ्याला!

दुसरी कसोटी टिकाऊपणाची. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथल्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी उलटी होणारी छत्री स्वस्त कशी म्हणावी? एका पावसाळ्यात तीन छत्र्या घेणाऱ्यापेक्षा भक्कम काड्यांची एकच छत्री चार पावसाळे वापरणारा अधिक काटकसरी. लोखंडी तवा, पितळी पातेले, हातमागाचे पांघरूण यांचाही हिशेब असाच मांडावा.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. दिलेला पैसा अखेर कोणाच्या हाती पोहोचतो? कार्ल्याच्या चैत्यगृहातील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकटाचा सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारीही आहे. सुगंध ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. परंतु त्या व्यापारातून मिळालेल्या धनाचा एक अंश समाजाच्या श्रद्धास्थानाच्या दारासाठी खर्च झाला. छोट्या सुखांचा तिरस्कार या भूमीने कधी केला नाही. ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र त्यागपूर्वक उपभोग घेण्यास सांगतो. इंद्रायणीकाठच्या तुकोबांनीही धन मिळवण्याला मनाई केली नाही. ते सचोटीने मिळवावे आणि आसक्ती न ठेवता खर्चावे, असा त्यांचा उपदेश आहे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. ज्या घरात महिनाअखेर कशीबशी गाठली जाते, त्या घराला या कसोट्या लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिधापत्रिकेवरच्या तांदळावर मुले वाढवणाऱ्या मातेचा संसार कोणत्याही व्याख्यानापेक्षा थोर आहे. हे कर्तव्य आहे ते हाताशी चार पैसे उरणाऱ्या मध्यमवर्गाचे.

ते पार पाडणे अवघड नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते ग्राहक संघटित झाला पाहिजे या विचारातूनच. दिवाळीच्या सुमारास मावळात भाताची कापणी आणि मळणी होते. एका वस्तीतील पाच-सहा कुटुंबांनी एकत्र यावे, एखाद्या मावळी शेतकऱ्याशी आधी बोलून ठेवावे आणि वर्षाचा तांदूळ त्याच्याच घरून आणावा. मोकळा भात आवडणाऱ्याने जुना तांदूळ मागावा, मऊ आवडणाऱ्याने नवा न्यावा. जाताना मुलांना बरोबर न्यावे. ताटातला भात कोणाच्या श्रमातून येतो, हे त्यांनी खाचराच्या बांधावर उभे राहून पाहावे. आणि शेतकऱ्याने सांगितलेला भाव रास्त असेल, तर तेथे घासाघीस करू नये.