किती उत्तरं परत येणार?



आज मला आपल्या कामातल्या एका बारीक गोष्टीवर बोलायचं आहे. फंक्शनने एकाऐवजी दोन उत्तरं परत पाठवली, तर घेणाऱ्याने काय करायचं? स्कीम या भाषेने हा प्रश्न फार सुंदर मांडला आणि अर्ध्यावर सोडला, असं माझं मत आहे. त्या अर्ध्या राहिलेल्या भागाची किंमत कमांड लाइनचे ऑप्शन वाचताना आपण आजही मोजतो.

१९७५ साली एमआयटीत गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांनी स्कीम घडवली. अनेक उत्तरांची सोय प्रमाणकात यायला मात्र १९९८चा पाचवा सुधारित अहवाल उजाडावा लागला. ‘व्हॅल्यूज’ने उत्तरं पाठवायची, ‘कॉल-विथ-व्हॅल्यूज’ने ती झेलायची. गरज खरीच होती. १७ला ५ने भागलं की भागाकार ३ आणि बाकी २, ही दोन्ही उत्तरं एकाच आकडेमोडीतून निघतात. त्यांची यादी बांधायची आणि पलीकडे लगेच सोडायची, हा उगाचचा खटाटोप.

त्या अहवालात ‘व्हॅल्यूज’ची व्याख्या दोन-तीन ओळींत बसते: चालू कंटिन्युएशन, म्हणजे पुढचं उरलेलं काम, हातात घ्या आणि सगळी उत्तरं त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्या. उत्तर परत देणं हासुद्धा एक कॉलच, हा विचार मला आजही थक्क करतो. पण मग फंक्शनला आर्ग्युमेंट कमी-जास्त दिली की आपण एरर देतो, तोच न्याय इथेही लागायला हवा होता. अहवालाने तिथे हात आखडता घेतला. एकच उत्तर घेणाऱ्या जागी दोन आली तर काय घडेल, हे त्याने अनिर्दिष्ट ठेवलं.

त्यातून जे झालं, ते एका ओळीत दाखवता येतं. ‘पार्टिशन’ हे फंक्शन यादीचे दोन भाग करून दोन्ही परत देतं. १ ते ५ची यादी घ्या, सम-विषम वेगळे करा आणि येणारं उत्तर सरळ ‘लेंग्थ’ला द्या. स्कीमच्या कुळातली रॅकेट आणि चेझ तिथेच थांबतात: एक उत्तर अपेक्षित होतं, दोन आली. त्याच कुळातलं आजचं गाईल मात्र दुसरी यादी गुपचूप टाकून देतं आणि २ असं उत्तर हाती ठेवतं. याउलट एकही उत्तर आलं नाही तर गाईलही एरर देतं. म्हणजे जास्त आलेलं चालतं, कमी आलेलं चालत नाही. या सैलपणामागे विचार आहे, हे मी मान्य करतो. कॉमन लिस्पही जादा उत्तरं अशीच सोडून देते, आणि त्यामुळे जुन्या फंक्शनला पुढे दुसरं उत्तर जोडलं तरी आधीचे कॉलर मोडत नाहीत. तरीही माझा कौल रॅकेट आणि चेझच्या बाजूने आहे. हरवलेलं उत्तर कळायलाच हवं.

आता ऑप्शनकडे येतो. सीमधलं ‘गेटऑप्ट’ आठवा. ते एकच इंट परत देतं, पण सांगायचं असतं बरंच: कोणता ऑप्शन, त्याचं आर्ग्युमेंट, पुढे कुठून वाचायचं. म्हणून ‘ऑप्टआर्ग’ आणि ‘ऑप्टइंड’ हे ग्लोबल व्हेरिएबल आले. समोरच्या दाराने एक उत्तर, मागच्या दाराने बाकीची.

स्कीममध्ये एसआरएफआय ३७ या लायब्ररी-प्रस्तावातलं ‘आर्ग्ज-फोल्ड’ हे काम विनाग्लोबल करतं. तुम्ही सुरुवातीची काही मूल्यं देता, त्यांना सीड म्हणतात. डावीकडून उजवीकडे प्रत्येक ऑप्शनचं फंक्शन त्या वेळची सीड घेतं आणि नवी सीड अनेक उत्तरांच्या रूपात परत देतं.

याचा सगळ्यात देखणा वापर मला गिक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये दिसतो. ‘गिक्स पॅकेज -आय ईमॅक्स गिट -आर नॅनो’ अशी कमांड घ्या. ईमॅक्स हे -आयचं आर्ग्युमेंट, पण गिटच्या आधी कोणताच ऑप्शन नाही. मग गिटही बसवायचं हे कळतं कसं? तिथे सीड दोन आहेत: आतापर्यंतच्या कामांची यादी आणि पुढच्या सुट्या शब्दाचं काय करायचं ते सांगणारं फंक्शन. -आय दोन्ही परत देतो, दुसऱ्या सीडमध्ये बसवणारं फंक्शन ठेवून. गिट आला की तेच फंक्शन चालतं. -आर आला की दुसऱ्या सीडमध्ये काढून टाकणारं फंक्शन येतं. ड्राय-रनसारखा ऑप्शन तिथे ‘फॉल्स’ ठेवतो; त्यानंतर सुटा शब्द आला तर तो जादा आहे असं सांगून प्रोग्राम थांबतो. कुठेही ग्लोबल नाही, कुठे झेंडा लावून ठेवलेला नाही.

पण नेमकी इथेच ती जुनी उणीव बोचते. सीड किती असाव्यात हे ‘आर्ग्ज-फोल्ड’ला आधी ठाऊक नसतं, त्यामुळे येतील तितकी उत्तरं यादीत गोळा करून ते पुढे देतं. समजा, क्वचित वापरल्या जाणाऱ्या एखाद्या ऑप्शनच्या फंक्शनात कोणी दुसरी सीड परत द्यायला विसरलं. एरर तिथे येत नाही. ती येते पुढच्या ऑप्शनच्या दारात, आर्ग्युमेंट कमी पडली म्हणून, आणि तपास सुरू होतो तो निर्दोष फंक्शनचा. चुकलेला ऑप्शन ओळीत शेवटचा असेल, तर तक्रार त्याहून लांब, सगळा निकाल घेणाऱ्या जागी उमटते. ती जागा एकाच उत्तराची असेल, तर उमटतच नाही.

उत्तरांची संख्या हा फंक्शन आणि कॉलर यांच्यातला करार आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणं आज तरी आपल्याच हाती आहे. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझी आग्रहाची विनंती आहे. फंक्शन किती उत्तरं देतं, हे त्याच्या माहितीच्या पहिल्याच ओळीत लिहा. दोन उत्तरं घेताना ‘रिसीव्ह’ किंवा ‘लेट-व्हॅल्यूज’ वापरा, म्हणजे संख्या वाचणाऱ्याला दिसेल आणि ती चुकली तर निदान तिथे तरी प्रोग्राम अडेल. प्रत्येक ऑप्शनची चाचणी तो मध्ये असताना घ्या आणि शेवटी असतानाही घ्या. आणि गाईलवर चाललेला कोड, शक्य असेल तिथे, चेझवर किंवा रॅकेटवर एकदा चालवून बघितल्याशिवाय प्रकाशित करू नका.